वजाबाकी आली, पण वय वाढवण्यापुरती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळेतील मुलांचे अंकज्ञान आणि त्यांची ऑनलाइन सुरक्षितता या दोन्ही विषयांना कालच्या अंकात एकाच लेखात जागा दिल्याबद्दल आपले आभार. मात्र पहिल्या दुखण्यावर लेखकाने सुचवलेले 'खेळता खेळता गणित' शिकवणाऱ्या ॲपचे औषधच दुसऱ्या दुखण्याला आमंत्रण देऊ शकते, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

माझी नात आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. गेल्या आठवड्यात अशाच एका ॲपवर तिला ५२ वजा २७ हे उदाहरण आले आणि तिने ३५ हे उत्तर निवडले. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, असा तिचा सरळ हिशेब होता. हातच्याची वजाबाकी शिकवताना ही चूक मी तीस वर्षे दर वर्गात पाहिली आहे, त्यामुळे तिचे मला नवल वाटले नाही. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवून "आता मला सात दे" असे म्हटले की मूल अडते, आपल्याकडे पाहते, मग गठ्ठ्याकडे पाहते आणि रबर सोडवते. त्या क्षणी दशक म्हणजे काय हे त्याला कळलेले असते. ॲपने मात्र लाल फुली आणि एक रडका चेहरा दाखवला. नातीने लगेच दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवले, ते नेमके २५ निघाले आणि तिला दहा नाणी बक्षीस मिळाली. चार पर्यायांच्या परीक्षेत डोळे मिटून बोटे ठेवली तरी वीसपैकी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात, तेव्हा ॲपने पालकांना पाठवलेल्या 'प्रगती'चे श्रेय नेमके कोणाला द्यायचे, हे लेखकांनीच सांगावे.

पुढची पायरी खेळण्यासाठी इतर खेळाडूंशी गप्पा मारण्याची सोय असलेले खाते उघडणे भाग होते आणि त्यासाठी वय तेरा पूर्ण हवे होते. पाच मिनिटांपूर्वी वजाबाकीत अडलेल्या या मुलीने मनातल्या मनात पाच वर्षे मागे जाऊन २०१७ ऐवजी २०१२ हे जन्मसाल भरले. हिशेब अचूक होता! तेरा वर्षांची ही अट बहुतेक कंपन्यांनी अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावरून उचलली आहे; त्याहून लहान मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे तो कायदा सांगतो. पण मुलाचे वय मुलालाच विचारणे म्हणजे परीक्षार्थीच्या हाती उत्तरपत्रिका तपासायला देण्यासारखे आहे.

लेखात 'भक्कम पासवर्ड ठेवा' असा उपदेश आहे. तो तसा निरुपद्रवी आहे, पण भक्कम म्हणजे किती, हे गणिताच्याच तासाला शिकवता आले असते, हे कसे सुचले नाही? चार अंकी पिन ०००० पासून ९९९९ पर्यंत १०,००० प्रकारे ठेवता येतो; तोच वाढदिवसाच्या दिवस-महिन्यावरून ठेवला, तर शक्यता जेमतेम ३६६ उरतात. नातीचा पिन अर्थातच वाढदिवसाचा होता. मी तिला हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण आजी, माझ्या वर्गातल्यांना एकदाच करून बघावं लागेल, ते सगळे वाढदिवसाला आले होते." पिन तिने स्वतःहून बदलला आणि नवा मलाही सांगितला नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या तळाशी आपण सरावपत्रिकेसाठी क्यूआर कोड छापला आहे. तो मी उघडला, तर पत्रिका दिसण्यापूर्वीच मुलाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल क्रमांक मागण्यात आला. सुरक्षिततेवरच्या लेखाखाली हे जरा जास्तच झाले. मी जन्मसाल १९१२ भरले आणि पत्रिका विनातक्रार मिळाली. तिच्यातील तिसऱ्या वजाबाकीचे उत्तर चुकलेले आहे. हातचा घ्यायचा राहून गेला आहे, तेवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात करावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका