झेरॉक्सवाल्या काकांना

काका,

पुण्याच्या एका गेम स्टुडिओत मला ज्युनिअर लेव्हल डिझायनर म्हणून घेतलं, म्हणजे खेळातले टप्पे (लेव्हल) रचायचं काम. फोनवर सांगितलं तेव्हा रडू आलं, नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम चारचौघांत.

बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून नागपूरच्या एका क्लासची फी भरली होती. तिथे गेम डिझाइनच्या नावाखाली सहा महिने सॉफ्टवेअरची बटणं शिकवली. खेळणाऱ्याला काय कळतं, तो कुठं अडतो, कुठं कंटाळतो, यावर एक शब्द नाही. माझा खेळ सरांनी अर्धा मिनिट पाहिला. "हे नुसते राखाडी ठोकळे आहेत, ग्राफिक्स कुठंय? कोण खेळणार हे?" लेव्हल आधी ठोकळ्यांतच उभी करतात, त्याला ग्रेबॉक्सिंग म्हणतात, सगळीकडे तसंच करतात, हे मला नंतर कळलं. शिकवणाऱ्याला ते आधीच माहीत असायला हवं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

आर्वीला परत आले तेव्हा घरी लॅपटॉप नव्हता. सातबारा आणि पीकविम्याची गर्दी ओसरली की तुम्ही तुमचा कॉम्प्युटर मला द्यायचे. गोडो हे गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि तुमच्या जुन्या मशीनवरही चाललं. 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम आला होता, त्याचा व्हिडिओ तुम्हीच बाबांना दाखवला. बाबा त्या दिवसापासून "गेम खेळून पोट भरते का" म्हणाले नाहीत.

पण काका, मी हे लिहितेय ते त्या एका संध्याकाळसाठी.

माझा खेळ जागलीचा. रात्रीचं शेत, हातात बॅटरी, अंधारातून रानडुकरं येतात. तुम्ही आयुष्यात गेम खेळला नव्हता. तरी शटर अर्धं ओढलं, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तू काही सांगू नको, मले खेळू दे." दर वेळी हरले की पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने एक रेघ मारायचे. सतरा रेघा झाल्या. मला वाटलं, आता उठतील. तुम्ही उठले नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "डुक्कर सांगून येत नाही बाई, पण आधी तूर हालते ना. तुह्या खेळात तूर हालतच नाही."

मी डुकराची चाहूल फक्त आवाजात ठेवली होती, आणि तुमचा स्पीकर बंद होता. मोबाइलवर कितीतरी लोक आवाज बंद करूनच खेळतात. खेळणारा हरला तर का हरला हे त्याला कळलं पाहिजे, आणि धोका येण्याआधी त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. सहा महिन्यांच्या क्लासात जे कोणी बोललं नाही ते तुम्ही तुरीच्या एका ओळीत सांगितलं. त्याच रात्री मी तूर हलवली. दुसऱ्या दिवशी तुमच्या तीनच रेघा झाल्या.

मुलाखतीत विचारलं, कुणाला खेळताना बघून तू काय बदललंस? मी तो कागद टेबलावर ठेवला. पुढचा अर्धा तास आम्ही तुरीवरच बोलत होतो. डिग्रीचं नंतर विचारलं.

"छान आहे" म्हणणारे खूप भेटले, काका. सतरा वेळा हरून खरं सांगणारे तुम्ही एकटे. आपल्याकडे अशी माणसं आहेत. रात्री लाइन आली की स्वतःच्या ओलितासोबत शेजाऱ्याचीही मोटर बघून येणारी, धावत येणाऱ्या पोरीसाठी एसटी थांबवून धरणारी. त्यांना कोणी पत्र लिहीत नाही, आणि तेही वाट बघत नाहीत.

कागद माझ्याकडेच ठेवते, परत मागू नका. दिवाळीत येते. नवीन लेव्हल घेऊन येईन, शटर अर्धं ओढून ठेवा. मी काही सांगणार नाही, बाजूला बसून नुसती बघेन.

तुमची,
जागलवाली