तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूस, सप्रेम

तिसऱ्या मजल्यावरच्या मुला,

तुझं नाव घालत नाही. आपल्या सोसायटीत नावं छापतात ती फक्त थकबाकीदारांची, आणि ती यादी मीच छापतो.

छापतो म्हणजे, छापत होतो. गणपतीआधी घराला रंग काढला आणि तेव्हापासून प्रिंटरने मौन धरलं. दिवा हिरवा, टोनर नवा, कागद भरलेला, आणि कॉम्प्युटरवर एकच शब्द: ऑफलाइन. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे आणि तिची नोटीस पुरे १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडली पाहिजे, याची तुला कशाला काळजी असेल? मला मात्र रात्री झोप लागेना.

पेठेतल्या एका दुकानातून माणूस आला. व्हिजिटचे चारशे रुपये आधी घेतले, विंडोज ७ बघून हसला, "काका, हा म्युझियमला देऊन टाका" म्हणाला आणि नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन ठेवून गेला. बंगलोरच्या भाच्याने फोनवरून तीनदा ड्रायव्हर काढायला लावला, तीनदा घालायला लावला. मी "अरे, रंगकाम झालं त्या दिवशी..." अशी सुरुवात केली की हा म्हणे, "मामा, ते राहू दे." चेअरमन म्हणाले, व्हॉट्सॲपवर टाका की. वीस वर्षांची इतिवृत्तं जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत, दुसऱ्या मशीनवर उघडली तर नुसती गिचमीड दिसते, म्हणून हे धूड जपतोय. पण एवढं ऐकून घ्यायला कुणाला सवड?

तू आलास ते पाण्याची तक्रार घेऊन. माझा चेहरा बघितलास, पाण्याचं बाजूला ठेवलंस आणि विचारलंस, "काका, शेवटचा कागद कधी निघाला होता?"

मग मी सुटलोच. रंगारी, त्यांच्या बादल्या, हिने हलवलेलं टेबल, त्यावरून आमचं झालेलं भांडण, सगळं. मध्येच तुझा मोबाइल वाजला. तू तो टेबलावर पालथा घातलास आणि म्हणालास, "हं, मग टेबल परत कुणी लावलं?"

तो पालथा मोबाइल अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बँकेच्या काउंटरवर मी ३४ वर्षं काढली. समोरचा बोलत असतानाच फॉर्म त्याच्यापुढे सरकवायची सवय मलाही होती. किती म्हाताऱ्यांचं रंगकाम मी अर्ध्यावर तोडलं असेल कोण जाणे. लोक 'संस्कार' म्हणतात ते बहुधा असंच काहीतरी असावं, आणि ते पुण्यातच मिळतात हा माझा समज तू लातूरहून येऊन मोडलास.

खरी गोम त्या टेबलातच होती. परत लावताना प्रिंटरची वायर मी दुसऱ्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचली होती. कॉम्प्युटरला वाटलं, नवीन पाहुणा आला. त्याने त्याच नावाचा दुसरा प्रिंटर मांडला, पुढे 'कॉपी १' लावून, आणि माझ्या नोटिसा मात्र जुन्याच्या दारात रांग लावून बसल्या. तू वायर मूळ जागी लावलीस, तुंबलेली रांग मोकळी केलीस. चहा निवायच्या आत कागद बाहेर.

आणि तो नेमका तू उचललास. माझ्या पोटात गोळाच आला, कारण विषय क्रमांक ७ होता, 'अविवाहित भाडेकरूंच्या दुचाकिंचा उपद्रव'. तुमच्या रात्रीच्या गोंगाटाबद्दल लिफ्टमध्ये लावलेला कागदही याच प्रिंटरमधून निघालेला. तू शांतपणे वाचलंस आणि म्हणालास, "काका, दुचाकींना दुसरी वेलांटी लागते."

कोथरूडमध्ये, माझ्या घरात, मला!

नोटीस वेळेत गेली. पाण्याचं मी प्लंबरला सांगितलंय. विषय क्रमांक ७ त्याच रात्री बदलला: 'भाडेकरूंच्या दुचाकींना जागा नेमून देणे'. वेलांटी तपासून घेतली आहे.

तुझा,
तळमजल्यावरचा सेक्रेटरी