अंडी फुटली, पिल्लं जगली नाहीत

संपादक महोदय,

समुद्री मासे घरी ब्रीड होतच नाहीत असं सगळेच म्हणतात, म्हणून हे पत्र. माझ्याकडे कोरल ब्युटीची जोडी आहे, ड्वार्फ एंजल म्हणतात त्या छोट्या समुद्री माशांपैकीच तो, जेमतेम बोटाएवढा. दुकानदाराने नर-मादी म्हणून जास्त पैसे घेतले पण खरं तर हे मासे आधी मादीच असतात, त्यातला मोठा दादागिरी करणारा नंतर नर होतो, तेव्हा एक मोठा एक छोटा घेतला की झालं, आपोआप जमतं!

संध्याकाळी लाईट मंद होत गेले की नर मादीच्या पोटाला तोंड घासतो, दोघं वर झेपावतात आणि क्षणात अंडी सुटतात. मिलिमीटरपेक्षा लहान, पारदर्शक, पाण्यावर तरंगणारी. फिल्टर बंद नसेल तर अंडी त्यात ओढली जातात, संपलंच (माझं दोनदा झालं, बायको अजून हसते). दिवसभरात अंडी फुटतात पण पिल्लाला तोंडच नसतं, ते तिसऱ्या दिवसाच्या आसपास उघडतं, आणि एवढं बारीक की पिल्लांना नेहमी देतात तो रोटिफर नावाचा सूक्ष्म जीवसुद्धा मोठा पडतो. कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवाची नुकती जन्मलेली पिल्लंच लागतात, आणि कोपेपॉडना खायला जिवंत शेवाळ, म्हणजे आधी शेवाळाची शेती करा! हवाईत मत्स्यपैदास करणाऱ्या फ्रँक बेन्शने हेच जमवून फ्लेम एंजल (हाही ड्वार्फ एंजलच) वाढवले, त्यालाही वीसेक वर्षं झाली. माझी पिल्लं पाचव्या दिवशी गेली.

कोपेपॉडचं चांगलं कल्चर ठाणे-मुंबईत कुणाकडे मिळत असेल तर वाचकांनी या सदरातून जरूर कळवा.

एक वाचक, ठाणे