ताबा बदलण्याच्या अर्जालाही मुदत हवी

मा. संपादक, स. न. वि. वि.

माझा नातू आठ वर्षांचा आहे. मुलीचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला तेव्हा तिची नोकरी फिरतीची होती, म्हणून मुलगा वडिलांकडे राहील असं दोघांनी मिळून ठरवलं. पुढे वडिलांचं पिणं वाढलं. रात्री पोराला घरात एकट्याला ठेवून बाहेरून कडी लावून जाऊ लागले. आईकडे यायच्या एका शनिवारी त्याच्या मनगटावर भाजल्याची जखम दिसली. भूक लागली म्हणून त्याने स्वतःच गॅस पेटवला होता! डॉक्टरांचा कागद आणि वर्गशिक्षिकेचं पत्र जोडून मुलीने ताबा बदलून मागितला.

'संमतीने दिलेला ताबा परत मागता येत नाही,' असं नात्यातली जाणती माणसं तिला सांगत होती. ते चूक आहे. रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच स्पष्ट केलं आहे की, ताब्याचे आदेश त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात आणि मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात, मग ते संमतीने झालेले का असेनात. किती आयाबाप ही गोष्ट माहीत नसल्याने गप्प बसत असतील!

अर्ज दाखल झाला, आणि तारखा सुरू झाल्या. कधी समोरच्या वकिलांना म्हणणं मांडायला मुदत हवी, कधी न्यायाधीश रजेवर. मूल मात्र त्याच घरात झोपतं आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये मुलांचा खर्च आणि शिक्षण यांविषयीचे दाव्यादरम्यानचे अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावेत, असं म्हटलं आहे. ताब्याच्या अर्जाला त्याच कलमात अशी मुदत नाही. फीच्या पैशाला घाई आणि जिवाच्या धोक्याला नाही, हे मला पटत नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात अंतरिम संरक्षणाची सोय आहे, पण ती वेळेवर मिळाली तरच उपयोग.

रागापोटी खोटे आरोपही होतात, हे मी नाकारत नाही. तसं असेल तर तेही लवकर कळू दे, त्या बापावरचा डाग लवकर पुसला जाईल. म्हणून मागणी एवढीच, की अर्जात सुरक्षिततेचा मुद्दा असेल तर पहिल्या तारखेलाच न्यायाधीशांनी किंवा समुपदेशकांनी मुलाशी एकट्याशी बोलावं, घरी जाऊन पाहणी व्हावी आणि अंतरिम आदेशाला कायद्याने ठरलेली मुदत असावी. विधी विभागाने याचा विचार करावा.

तोवर ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे, त्यांनी पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नये. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला कळवावं, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावं. आम्ही गेलो आहोत.

आपला,
एक आजोबा
(नातवासाठी नाव छापू नये, ही विनंती.)