गिझर न्हाणीच्या बाहेर लावा

अटलांटा, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चवथीला आम्ही येणार म्हणून मागच्या खोलीत एसी आणि न्हाणीत गॅसचा गिझर बसवताय, हे काल बाबांनी फोनवर सांगितलं. पाणी तापवायचं भाण घासून माळ्यावर ठेवलं, हे आईने नंतर हळूच सांगितलं. मला बरंच वाटलं. गुडघे एवढे धरलेले असताना आईने चुलीपुढे बसून नारळाची सोडणं फुंकत राहावं, असं मला कधीच वाटलं नाही. पण 'न्हाणीत' हा शब्द ऐकल्यापासून जिवाला स्वस्थता नाही.

जानेवारीत आमच्याकडे जे झालं ते तेव्हा तुमच्यापासून लपवलं. आता सांगते. आमच्या घरामागे ते मोठं राखाडी धूड आहे ना, मागल्या खेपेला बाबा ज्याच्याभोवती फिरून बघत होते? त्या एकाच पेटीतून उन्हाळ्यात गार हवा येते आणि हिवाळ्यात गॅस जाळून गरम हवा येते. गॅस आत पत्र्याच्या नळ्यांमध्ये जळतो, घरातली हवा त्या नळ्यांवरून बाहेरच्या अंगाने फिरून तापते आणि धूर बाहेरच्या बाहेर निघून जातो. धूर आणि आपण श्वासात घेतो ती हवा, यांच्यामध्ये तेवढा एक पातळ पत्रा. जुन्या पेटीतला तो पत्रा तडकला होता. दोन दिवस पोराचं डोकं दुखत होतं, मी सर्दी समजून वाफ देत होते. तिसऱ्या रात्री भिंतीवरचा अलार्म चार-चारदा वाजायला लागला. चारदा वाजला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. पोराला गोधडीत गुंडाळून थंडीत बाहेर उभे राहिलो. अग्निशमनवाल्यांनी येऊन गॅस बंद केला. तो आवाज अजून कानातून जात नाही.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "वास आला तर कळेलच." सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. गॅस अर्धवट जळून जो विषारी वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट धरतो. माणसाला आधी गरगरतं, मग पायातलं बळ जातं, आणि न्हाणीची कडी आतून लावलेली असते. आपल्याकडच्या डॉक्टरांनी या प्रकाराला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच दिलंय, इतक्या वेळा त्यांनी तो पाहिलाय.

तुम्ही म्हणाल, भाणाखालची आगही न्हाणीतच होती, आम्ही नाही मेलो. पण ती न्हाणी कौलारू होती. वाशांच्या फटींतून धूर निघायचा, दार नीट लागतच नव्हतं. आता वर स्लॅब आहे, भिंतींना टाइल्स आहेत आणि अ‍ॅल्युमिनियमची खिडकी घट्ट बसते. खिडकी उघडी ठेवू म्हणता, पण श्रावणाचा पाऊस आडवा यायला लागला की आई ती लावणार, हे मी इथे बसून सांगते. नुसत्या एक्झॉस्ट फॅननेही भागत नाही. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर फॅन गिझरचा धूरच खोलीत ओढतो.

आमची नवी पेटी बसवताना मी दिवसभर तिथे उभी होते. आधी वीज तोडली, खालचा काँक्रीटचा ओटा पाणसळ लावून पाहिला. धुराचं तोंड खिडक्यांपासून लांब ठेवलं. गॅसच्या नळीला हाताशी येईल असा स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवला, नळीत दाब भरून गेजचा काटा हलतो का ते बघत बसले, मग प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. शेवटी गॅसचा दाब मोजला आणि जळून निघालेल्या धुरात विषारी वायू किती आहे तेही यंत्राने पाहिलं. त्यातून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली: आग घराबाहेर राहिली पाहिजे, आत फक्त ऊब यावी.

म्हणून माझी विनवणी आहे. गिझर न्हाणीच्या मागच्या भिंतीला, पडवीत लावा, जिथे आपण लाकडं रचायचो तिथे. वर छप्पर आहे, पाऊस लागणार नाही. भिंतीतून आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या. सिलिंडर शेजारी ओट्यावर, उभा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून मोरीच्या तोंडाशी किंवा खळग्यात ठेवू नका. जोडणी वितरकाच्या मेकॅनिककडूनच करून घ्या, नारिंगी सुरक्षा नळी घ्या आणि तिच्यावर छापलेलं वर्ष वाचा. ती पाच वर्षांनी बदलायची असते. कुणी काडी पेटवून गळती बघायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. आई, साबणाचा फेस तू स्वतः लाव. बुडबुडे आले तर सांधा सैल आहे. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर बंद करून माणूस बोलावायचा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि 1906 ला फोन करायचा. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

एसीचं थोडक्यात. आमची पेटी कारखान्यातूनच गारव्याचा गॅस भरून सीलबंद येते. तुमच्या स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्या घरी जोडल्या जाणार, तेव्हा मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप आणलाय का बघा. थोडा गॅस सोडून नळीतली हवा काढतो म्हणाला तर नको म्हणा, बहुतेक नव्या एसींत आर-32 असतो आणि तो थोडाफार पेट घेऊ शकतो. बाहेरचं युनिट चिऱ्याच्या जुन्या भिंतीला टांगण्यापेक्षा खाली ओट्यावर ठेवा, पण सिलिंडरपासून लांब, दुसऱ्या बाजूला. मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी हवा. आणि अर्थिंग आधी तपासून घ्या. ते आजोबांच्या काळातलं आहे, त्यानंतर कुणी हात लावल्याचं मला आठवत नाही.

खर्च वाढेल तो मी पाठवते, त्यावर वाद घालू नका. येताना विषारी वायूचे दोन अलार्म आणते, एक तुमच्या खोलीत, एक न्हाणीजवळच्या ओसरीवर लावू. तोवर भाण खाली काढून बाहेर पडवीत मांडा, सोडणं शेजारच्या पोराकडून पेटवून घ्या.

माणूस मंगळवारी येणार ना? भिंतीला भोक पाडण्याआधी मला व्हिडिओ कॉल करा. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे आदल्या रात्रीचे साडेअकरा. मी जागी असेन.

तुमची,
बाय