केंद्रे वाढतील, नाल्यांचे काय?

सिंहस्थापूर्वी नाशिकची मलनिस्सारण केंद्रे अद्ययावत करण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. निर्णय योग्यच, पण केंद्रापर्यंत न पोहोचणारे सांडपाणी वाघाडी आणि नंदिनी या उपनद्यांतून थेट गोदावरीत येते. पंपिंग स्टेशनची वीज गेली, की चेंबर तुंबते आणि मैला ओसंडून नाल्यात उतरतो. म्हणून प्रत्येक स्टेशनवर जनरेटर, राखीव पंप आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाशी मीटर निविदेतच बंधनकारक करावा. स्नानाच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि ती चाचणीच ३ दिवस घेते! अहवाल येईपर्यंत भाविकांचे स्नान उरकलेले असते. गोदावरीच्या प्रदूषणाबाबतची जनहित याचिका उच्च न्यायालयात २०१२ मध्ये दाखल झाली. निदान आता ओव्हरफ्लोच्या नोंदी रोज जाहीर कराव्यात.

– एक अभियंता, पंचवटी, नाशिक