एकाच नावाचे सहा वाण

बेलो होरिझोंते,
१८ ऑगस्ट

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सर्रा (गुरांचा रक्तातल्या परजीवीचा ताप) झालेला बैल उठून चारा खायला लागला हे वाचून फार बरं वाटलं. तू शेवटी विचारलंयस, की आमच्याकडचा ट्रिपॅनोसोमा, हा रक्तातला एकपेशी परजीवी, गुरांना आडवं पाडतो, मग तुझ्याकडचा शागास रोग करणारा त्याचा भाऊबंद माणसांपैकी काहींचं हृदय पोखरतो आणि काहींना हातही लावत नाही, हे कसं? गेल्या गुरुवारी हाच प्रश्न मला एका बाईंनी विचारला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

गुरुवारी मी रक्ताचे नमुने घ्यायला हृदयरोगाच्या ओपीडीत बसतो. या बाई चाळिशी उलटलेल्या. लहानपण या राज्याच्या उत्तरेकडच्या खेड्यात, कुडाच्या घरात गेलं. थोरल्या भावाला पेसमेकर बसवलाय. आईला घास उतरेना, पाणीसुद्धा छातीत अडायचं. इथल्या खेड्यापाड्यांत त्याला ‘माल द एंगास्गो’ म्हणतात, घास अडकण्याचं दुखणं. रक्ततपासणीत बाईंनाही शागास निघाला, पण ईसीजी अगदी स्वच्छ. त्यांनी विचारलं, “माझ्या अंगातला परजीवी चांगल्या जातीचा आहे का?” मी म्हणालो, “तपासून सांगतो.” तसं म्हणायला नको होतं.

रोगाचं मूळ तुला ठाऊक आहेच. भिंतीच्या भेगांत राहणारा मोठा ढेकूण रात्री रक्त पितो आणि तिथेच विष्ठा टाकतो. खाजवताना ती जखमेत किंवा डोळ्यात जाते. झोपलेल्याच्या चेहऱ्याला चावतो म्हणून इथे त्याला ‘बार्बेइरो’ म्हणतात, म्हणजे न्हावी. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस शागास १९०७ साली रेल्वेमजुरांमधला मलेरिया आवरायला इथल्याच राज्यातल्या लासांस गावी गेले. रेल्वेच्या डब्यातच त्यांचं घर आणि तीच प्रयोगशाळा. हा कीटक त्यांना दाखवला तो रेल्वेच्या एका इंजिनिअरने. १९०९ च्या एप्रिलमध्ये बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात त्यांना परजीवी सापडला. वैद्यकात नोंदलेली ही पहिली रुग्ण.

बेरेनिसची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवते. ती सत्तरी ओलांडून जगली, हृदय शाबूत ठेवून. १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये तिच्या रक्तातून परजीवी वेगळा काढला गेला. म्हणजे तो जन्मभर तिच्यासोबत होता. आणि १९७८ चा तोच वाण कुत्र्यांना टोचला की त्यांच्या हृदयाच्या स्नायूत तंतू माजतात, हुबेहूब माणसाच्या जुनाट शागाससारखे! आता सांग, हा वाण चांगला की वाईट?

वाण खरोखरच वेगवेगळे आहेत, त्यात वाद नाही. २००९ मध्ये संशोधकांनी एकत्र बसून त्यांचे सहा गट ठरवले, टीसी १ ते टीसी ६ (टीसी म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रूझी, शागासचा परजीवी). त्यातले पाचवा आणि सहावा हे दुसऱ्या-तिसऱ्याच्या संकरातून आलेले. पहिला मुख्यतः ॲमेझॉन, व्हेनेझुएला, कोलंबिया, मध्य अमेरिका इकडचा. दुसरा, पाचवा, सहावा दक्षिणेकडे, म्हणजे ब्राझीलचा हा भाग, बोलिव्हिया, अर्जेंटिना. अन्ननलिका आणि मोठं आतडं फुगण्याचे विकार मुख्यतः दक्षिणेत दिसतात, खंडाच्या उत्तरेत क्वचित. त्यावरून बरीच वर्षं टीसी १ सौम्य समजला जाई. पण कोलंबिया-व्हेनेझुएलात त्यानेच माणसांची हृदयं निकामी केली आहेत. २००७ च्या डिसेंबरात काराकासच्या एका शाळेत पेरूच्या रसातून शंभरावर मुलं-माणसं आजारी पडली, एक मूल दगावलं. तोही टीसी १ च. रसातून एकदम भरपूर परजीवी पोटात गेले, हे तिथे गटाच्या नावाइतकंच महत्त्वाचं होतं, असं मला वाटतं.

माझ्या कामातली खरी अडचण पुढे आहे. जुनी लागण असलेल्या रुग्णाच्या रक्तात परजीवी इतके थोडे असतात की त्यांचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीलाही कधी सापडतात, कधी नाही. कल्चर केलं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवले, तर जो वाण भराभर वाढतो तोच वर येतो, दुसरा मागे पडतो. आणि एका माणसात दोन वाण असू शकतात. इथल्याच संशोधकांनी एका रुग्णाच्या हृदयात आणि अन्ननलिकेत वेगवेगळे परजीवी दाखवले आहेत. म्हणजे बाईंच्या दंडातून मी काढलेलं रक्त त्यांच्या हृदयात कोण दडलंय ते सांगेलच असं नाही. औषधाचंही तसंच. २०१५ मध्ये २८५४ हृदयरुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. बेंझनिडाझोल या परजीवी मारणाऱ्या औषधाने ब्राझीलमध्ये रक्त जास्त साफ झालं, कोलंबिया आणि एल साल्वादोरमध्ये कमी. पण हृदयाची घसरण कुठेच थांबली नाही.

आणि वाणाइतकाच माणूसही मोजायला हवा. तुला वेगळं सांगायला नको, २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सर्रा झाला, जो माणसाला होत नाही असं आपण शिकलो होतो. परजीवी नेहमीचाच होता. त्या माणसाच्या रक्तात त्याला मारणारं एक प्रथिनच तयार होत नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. शागासमध्ये असं एकच प्रथिन नाही, पण दहातल्या दोघा-तिघांचंच हृदय का बिघडतं याचं निम्मं उत्तर रुग्णातच असेल, असं मला आता पटत चाललंय.

परवा पुन्हा गुरुवार. बाईंना सांगणार आहे की वाणाचं नाव कळलं तरी त्यावरून तुमचं पुढचं सांगता येत नाही, दरवर्षी ईसीजी मात्र चुकवू नका. आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. आईकडून बाळाला हा रोग जातो, आणि लहान वयात औषध चांगलं लागू पडतं. तिचं रक्त अजून कोणी तपासलेलं नाही. तिला सोबत आणायला सांगितलंय.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. जमलं तर सर्राची एक जुनी स्लाइड माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा,
अनिरुद्ध